एका सोफ्यावरची तीन मतं

हॅरोतल्या मामाकडे शनिवारी संध्याकाळी फोन करायचा नाही, हा नियम आमच्या पुण्याच्या घरात वर्षानुवर्षं पाळला जातो. सप्टेंबरात तो लागू होतो आणि नाताळच्या तोंडावर सुटतो. तेवढे महिने बीबीसीवर ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ चालू असतं आणि मामा-मामी कुणाचे नसतात. रविवारीसुद्धा जपूनच बोलावं लागतं. निकालाचा भाग शनिवारी रात्रीच चित्रित करून रविवारी दाखवतात, आणि मधल्या वेळात कुणी ना कुणी तो फोडतोच. म्हणून मामा त्या चोवीस तासांत मोबाइल फडताळात टाकून देतो.

खेळ तसा सोपा. नट, बातमीदार, खेळाडू, विनोदवीर अशी प्रसिद्ध माणसं घ्यायची, एकेकाला व्यावसायिक नर्तकाच्या हाती द्यायचं आणि दर आठवड्याला नवा नाच बसवायचा. आज वॉल्ट्झ, पुढच्या शनिवारी चा-चा-चा. चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात, घरी बसलेले लोक मत देतात आणि एक जोडी बाहेर पडते. आपल्याकडची ‘झलक दिखला जा’ ही याचीच भारतीय आवृत्ती, 2006 मध्ये आलेली.

मी कथक शिकलेली. सहाव्या वर्षी पायांत घुंगरू बांधले, विशारद होऊनच थांबले. लंडनला शिकायला आल्यापासून शनिवार मामाकडे. त्यामुळे त्या सोफ्यावर नाच ‘शिकलेली’ एक आणि नाच ‘बघणारी’ दोन अशी विभागणी झाली, आणि दर आठवड्याला जुंपू लागली. 14 डिसेंबर 2024 ला अंतिम फेरी होती. चौघं उरले होते : विनोदवीर ख्रिस मॅककॉसलंड, ‘लव्ह आयलंड’मधून पुढे आलेली ताशा घौरी, अभिनेत्री सारा हॅडलंड आणि गायक जेबी गिल. ख्रिस पूर्ण अंध. या कार्यक्रमात उतरलेला पहिला अंध स्पर्धक. त्या संध्याकाळचं आमचं भांडण जसं झालं तसं लिहिते आहे.

मामा : आज वाद नको. फायनल आहे. चिवडा घे.

मी : वाद नाही, एकच प्रश्न. चौघांत सगळ्यात चांगलं कोण नाचतं?

मामा : ताशा. त्यात विचारायचं काय?

मी : आणि तू मत कुणाला देणार?

मामा : ख्रिसला. त्यात तरी विचारायचं काय?

मी : म्हणजे मत एकीबद्दल आणि मत दुसऱ्याला!

मामा : इंग्रजांना दोन शब्द लागतात, आपलं एकाच शब्दात भागतं. असतं तेही मत, देतो तेही मत. पण असलेलं मत द्यायलाच हवं असं कुठे लिहिलंय? नाचाची स्पर्धा असती तर दिलंही असतं.

मी : नाचाची नाही तर कसली आहे?

मामा : शिकण्याची. सप्टेंबरात ज्याला काही येत नव्हतं त्याला डिसेंबरात काय यायला लागलं, ते बघायचं. ताशा आली तीच नाचत आली. नाचावर पोट होतं तिचं.

मी : हे ऐकलं की माझं डोकं उठतं. 2018 मध्ये अ‍ॅशली रॉबर्ट्सबद्दल लोक हेच म्हणाले, ती गाण्याच्या ग्रुपमध्ये नाचायची म्हणून. 2023 मध्ये लेटन विल्यम्सबद्दल हेच म्हणाले, तो संगीत नाटकांत वाढला म्हणून. दोघंही अंतिम फेरीत गेले, दोघंही हरले. आता ताशा. मागच्या आठवड्यात तुम्ही लोकांनी तिला शेवटच्या दोघांत ढकललं! पुन्हा नाचायला लावलं, तेव्हा परीक्षकांनी वाचवली. येत असणं हा गुन्हा आहे का?

मामा : गुन्हा नाही. पण दहावी झालेल्याला चौथीच्या स्कॉलरशिपला बसवलं तर टाळ्या कशाला वाजवायच्या?

मी : आणि दहावीपर्यंतचं कोण मोजणार? तुला प्रवास आवडतो ना? मग प्रवास फक्त कॅमेरा चालू झाल्यापासूनच का धरायचा? ताशा जन्मापासून कर्णबधिर आहे. लहानपणी कॉक्लियर इम्प्लांट बसवलं, त्यातून जेवढं ऐकू येतं तेवढ्यावर ताल पकडत ती नर्तकी झाली. तो सगळा रस्ता टीव्हीवर दिसला नाही म्हणून शून्य? माझ्या आईनं मला सहाव्या वर्षी क्लासला घातलं. पावसात रिक्षा मिळायची नाही, तेव्हा घुंगरांची पिशवी डोक्यावर धरून आम्ही चालत जायचो. उद्या मी अशा स्पर्धेत उतरले तर तू म्हणणार, हिला काय, हिला आधीच येतं.

मामा काही बोलला नाही. चिवड्यातले दाणे निवडून बाजूला काढू लागला. ही त्याची जुनी सवय. उत्तर नसलं की तो दाणे निवडतो.

मामा : हे बरोबर आहे तुझं. मी असा विचार केला नव्हता.

मी : मग ताशाला दे मत.

मामा : पटणं वेगळं, मत देणं वेगळं. आत्ताच ठरलं ना आपलं? बरं, तुझी आजी आठवते?

मी : आजी मध्येच कुठून आली?

मामा : 2005. ‘नच बलिये’चा पहिला सीझन, सचिन आणि सुप्रिया पिळगांवकर. माझी आई, म्हणजे तुझी आजी, हिंदी मालिकांना नावं ठेवणारी बाई. मी फोन केला की म्हणायची, ‘थांब, आपल्या सचिनचं आहे.’ तुझ्या बाबांच्या मोबाइलवरून एसएमएस कुणी पाठवायला लावले?

मी : मला आठवतंय. बाबांचा बॅलन्स संपला होता.

मामा : जिंकले ना दोघं? आता विशारदबाई, तुझ्या आजीनं ते मत पदन्यास बघून दिलं होतं की आडनाव बघून?

मी : ते नाचलेही छान होते.

मामा : छानच नाचले. पण आईला विचारलं असतं तर तिनं चुकलेल्या पावलाचाही अर्थ लावून दाखवला असता. माया लावली की नजर बदलते. इथल्या आज्या वेगळं काही करत नाहीत. लिव्हरपूलची आजी लिव्हरपूलच्या ख्रिसला देते.

मी : मग कबूल कर, की ही लोकप्रियतेची निवडणूक आहे. नाच हा बहाणा. मला आमच्या पुरुषोत्तम करंडकाचं कौतुक वाटतं ते त्यासाठीच. 2022 मध्ये परीक्षकांनी सरळ सांगितलं, यंदा एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही. करंडक दिलाच नाही. केवढा गदारोळ झाला! पण कलेत कुणीतरी असं ताठ उभं राहायला हवं. तुमच्या क्रेग रेव्हेल हॉरवुडला लोक हुर्यो करतात, मला तो एकटाच शहाणा वाटतो. पहिल्या दिवसापासून, 2004 पासून, तो परीक्षकाच्या खुर्चीत आहे आणि टाच कुठे पडली, कोपर कुठे घसरलं, एवढंच बघतो.

मामा : क्रेग हवाच. पण आपल्याकडे संगीत नाटकाच्या थिएटरात टाच बघणारा कुणी बसत नव्हता. पद रंगलं की पिटातून ‘वन्स मोअर’ यायचा, आणि मोठमोठ्या नटांना पुन्हा गावं लागायचं. तो कौल कुणाचा होता? स्वरज्ञान असलेल्यांचा की दिवसभर दुकानात बसून आलेल्यांचा?

मी : वन्स मोअरनं नाटकं पहाटेपर्यंत लांबायची, हेही सांग.

मामा : लांबू देत. लोक उठून गेले का?

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, “त्याला जॉन सार्जंटचं विचार.” मामानं कपाळाला हात लावला.

हे नाव त्या घरात थट्टेचा विषय आहे. 2008 मध्ये जॉन सार्जंट हा राजकीय पत्रकार स्पर्धेत होता. साठी उलटलेला, जड अंगाचा, नाचात अगदीच बेताचा. पासो डोब्लेमध्ये त्यानं आपल्या जोडीदारणीला, क्रिस्टिना रिहानॉफला, अक्षरशः पोत्यासारखं जमिनीवरून ओढत नेलं. परीक्षक पुन्हा पुन्हा त्याला तळाला टाकत आणि लोक पुन्हा पुन्हा वर काढत. चांगले नाचणारे एकेक करून घरी जाऊ लागले. शेवटी नोव्हेंबरात त्यानं स्वतःच माघार घेतली. कारण काय दिलं? आपण खरोखर जिंकू अशी भीती वाटते!

मी : मामा, तू त्याला मत दिलं होतंस?

मामा : दर आठवड्याला.

मी : का पण?

मामा : कारण तो मी होतो. माझ्यासारखं पोट, माझ्यासारखे पाय, माझ्यासारखं घाबरणं. बाकीचे नाचत होते तेव्हा मी टीव्ही बघत होतो. तो नाचला तेव्हा वाटलं, उद्या मीही नाचू शकेन. आणि परीक्षकांनी त्याला हाकला हाकला म्हणून ओरडा केला तेव्हा तर मी पेटलोच. मला काय आवडावं हे चार माणसं सांगणार?

मी : आणि त्याच्यापायी जे चांगले घरी गेले त्यांचं काय?

मामा : त्याची शरम वाटते. थोडी. पण तुला वाटतंय तसं लोक एकटेच घोटाळे घालत नाहीत, हिशेबसुद्धा घालतो. त्याच वर्षीचं सांगतो. वाट्या आण तीन.

मी तीन वाट्या आणल्या. मामानं बाजूला काढलेले दाणे पुढे ओढले. हा माणूस तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. त्याला कुठलीही गोष्ट मांडून दाखवल्याशिवाय चैन पडत नाही.

मामा : नीट बघ. परीक्षकांचे गुण जसेच्या तसे धरत नाहीत. गुणांवरून क्रम लावतात आणि क्रमाचे दाणे वाटतात. उपांत्य फेरीत तीन जोड्या, म्हणजे पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. लोकांच्या मतांचेही तसेच. बेरीज करायची आणि खालचे दोघं पुन्हा नाचणार. कळलं?

मी : कळलं.

मामा : आता रेचल स्टीव्हन्स आणि लिसा स्नोडन, दोघींचे परीक्षकांचे गुण सारखे. दोघीही पहिल्या. दोन्ही वाट्यांत तीन-तीन दाणे. टॉम चेंबर्स तिसरा, त्याच्या वाटीत एक. आता समज, सगळा देश टॉमच्या मागे उभा राहिला. टाक त्याला तीन.

मी : चार झाले.

मामा : त्या दोघींपैकी एकीला लोकांचे दोन, एकीला एक.

मी : पाच आणि चार.

मामा : म्हणजे खालचे दोघं कोण? चारवाली आणि चारवाला. टॉम काहीही झालं तरी खालच्या दोघांत! लोकांनी फोन करून करून बोटं झिजवली असती तरी फरक पडणार नव्हता. हे लक्षात आलं तेव्हा मतदान होऊन गेलेलं. मग बीबीसीनं ती मतं पुढच्या फेरीसाठी धरली आणि तिघांनाही अंतिम फेरीत घातलं. आणि फायनल कुणी जिंकली?

मी : कुणी?

मामा : टॉम चेंबर्सनं.

तीन वाट्यांकडे बघत मी गप्प बसले. ज्याला वाचवणं गणितात शक्यच नव्हतं, तोच जिंकला. मामानं विजयी चेहऱ्यानं टॉमच्या वाटीतले चारही दाणे तोंडात टाकले.

मी : हे लोकांच्या बाजूचं उदाहरण झालं की नियमाच्या विरोधातलं?

मामा : कुणाच्याच बाजूचं नाही. एवढंच, की त्या गुणफलकाला तू ज्ञानेश्वरीसारखे हात जोडतेस, ते सोड. आता तर अंतिम फेरीत परीक्षकांचे गुण नुसते मार्गदर्शनाला असतात. निकाल सगळा लोकांच्या हाती.

मी : तिथेच बिघडतं. बारा आठवडे परीक्षा घ्यायची आणि शेवटचा पेपर गावानं तपासायचा.

मामा : या कार्यक्रमाच्या नावातच हे भांडण आहे. बीबीसीवर पूर्वी ‘कम डान्सिंग’ नावाचा कार्यक्रम होता, चाळीसहून जास्त वर्षं चालला. हौशी जोड्यांची स्पर्धा, सगळं शिस्तीत. त्यातलं ‘कम डान्सिंग’ घेतलं. आणि ‘स्ट्रिक्टली’ आलं ते बॅझ लुरमनच्या ‘स्ट्रिक्टली बॉलरूम’ या 1992 च्या सिनेमातून. त्यात काय आहे? स्पर्धेचे नियम मोडून स्वतःच्या स्टेप्स नाचू बघणारा पोरगा, आणि त्याला अडवणारे पदाधिकारी. शेवटी संगीत बंद करतात, तर प्रेक्षक टाळ्यांवर ठेका धरतात आणि तो नाचतो. अर्धं नाव नियमवाल्यांचं, अर्धं नियम मोडणाऱ्यांचं. तू अर्ध्या नावाची, मी अर्ध्या नावाचा.

तेवढ्यात मामी हात पुसत आली. मामी मडगावची. बोलते मराठीच, पण रागावली किंवा खूश झाली की कोकणी डोकावते.

“अगो, तुम्ही दोघंही एका गोष्टीवर बोलत नाही,” ती म्हणाली. “आमच्या शेजारी ख्रिश्चनांची घरं होती. लग्नाचं बोलावणं यायचं. मांडवात बँड असायचा. नवरा-नवरी आधी, मग आईबाप, मग सगळा गाव. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, जे वाजेल ते. सत्तर वर्षांची आवय नातवाबरोबर नाचायची. मी हिंदूंची मुलगी, मी बाकावर बसून बघायची. पण नंबर कधी कुणी काढला नाही. हा नाच बघायचा नाहीच मुळी. नाचायचा.”

मी : म्हणजे स्पर्धाच चूक?

मामी म्हणाली, “चूक कशाला? मजा आहे. पण कथकचं माप घेऊन बसू नकोस. तुझा नाच मंचावरचा. समोर रसिक पाहिजे. हा अंगणातला. समोर जोडीदार पाहिजे.”

मामा : मी 1979 मध्ये आलो. नाताळात ऑफिसची पार्टी. सगळे गोरे, काळे, आयरिश उठले आणि जोडीनं नाचायला लागले. मी संत्र्याच्या रसाचा ग्लास धरून भिंतीला टेकलेलो. दरवर्षी तीच भिंत. कुणी बोलावलं नाही असं नाही, पण आपल्याला कुठे येतंय? पंचवीस वर्षांनी हा कार्यक्रम लागला. 2006 मध्ये मार्क रामप्रकाश जिंकला. फलंदाज, बाप भारतीय वंशाचा गयानी. मी हिला म्हटलं, हा आपल्यातला वाटतो, आणि भिंतीला टेकून उभा नाही.

मी : म्हणून ती गुरुवारची शिकवणी?

मामा : निवृत्त झाल्यावर. चर्चच्या हॉलमध्ये. आम्ही दोघं, बारा म्हाताऱ्या आणि एक टेपरेकॉर्डर.

मी : मामा, हे सगळं गोड आहे. पण टीव्हीवर दिसतं ते तुझ्या चर्चच्या हॉलसारखं नसतं. यंदा तालमीच्या खोलीत देखरेखीला माणूस ठेवावा लागला बीबीसीला, स्पर्धकांशी कसं वागलं जातं याच्या तक्रारी झाल्या म्हणून. प्रेक्षकाला दिसतो तो शनिवारचा दीड मिनिटांचा नाच. सोमवार ते शुक्रवार त्या बंद खोलीत काय झालं, शिकवणारा ओरडला की समजावत बसला, हे दिसत नाही. मी नाचाच्या वर्गांत वाढले आहे. मला माहीत आहे, बाहेरून सुंदर दिसणारी तिहाई आत किती रडून बसलेली असू शकते. मग ‘शिकण्याची स्पर्धा’ म्हणून तुम्ही नेमकं कशाला मत देता? जे बघितलंच नाही त्याला?

मामा पहिल्यांदाच सरळ होऊन बसला.

मामा : हा मुद्दा मोठा आहे. आणि तो माझ्या बाजूनंही वळतो. दिसत नाही ते फक्त खोलीत नसतं. नाचातही असतं. ऊठ.

मी : आता?

मामा : सुरू व्हायला वीस मिनिटं आहेत. ऊठ. मोजे काढ, घसरशील.

मामीनं चहाचं टेबल सोफ्याला चिकटवलं. टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये सतरंजीएवढी लाकडी जमीन मोकळी झाली. मामानं डावा हात वर केला, माझा उजवा त्यात घेतला. त्याचा उजवा तळवा माझ्या डाव्या खवाट्यावर, पाठीवर, थोडा खाली. माझा डावा हात त्याच्या दंडावर. ‘कोपर पाडू नकोस. याला होल्ड म्हणतात. चुकलं, पायावर पाय पडला, काहीही झालं तरी हा सुटायचा नाही. आता डोळे मीट.’

मी : आणि?

मामा : आणि काही नाही. वॉल्ट्झ. तीन मात्रा. मी पुढे येणार, तू मागे जाणार.

तीन मात्रा म्हटल्यावर माझ्या डोक्यात आपोआप दादरा सुरू झाला. मी मनात मोजलं आणि एकवर पाऊल टाकलं. मामाच्या पायावर.

मामा : मोजू नकोस.

मी : मोजल्याशिवाय कसं कळणार कधी निघायचं?

मामा : कथकात सम तू आणतेस. इथे ती मागून येते. थांब.

पुन्हा. पुन्हा पायावर पाय. अठरा वर्षं नाचणारी मी, दोन फूट जमिनीवर दोनदा अडखळले. लाज वाटली. मग मात्र मी मोजणं खरंच सोडलं, हट्टानं सोडलं. आणि तिसऱ्या वेळी पाऊल पडायच्या आधी पाठीवरच्या तळव्यातून काहीतरी कळलं. ढकललं नाही, दाबलंही नाही. त्याचं वजन पुढे सरकलं ते पाठीला आधी समजलं आणि पाय नंतर गेला. एक, दोन, तीन. बाजूला. जवळ. पुन्हा. सोफ्याच्या कडेशी आलो तेव्हा मला ती कड दिसत नव्हती, पण तळवा किंचित वळला आणि आम्ही वळलो.

मामा : उघड डोळे. आता सांग, मी कसा नाचलो? दहापैकी?

मी : मी बघितलंच कुठे?

मामा : बघितलं असतंस तर काय दिसलं असतं? सत्तरीचा म्हातारा, टाच चुकलेली, खांदा वाकडा. तीन गुण. क्रेगनं दोन दिले असते. पण तुला जे पाठीत कळलं, ते त्याच्या पाटीवर कुठे लिहायचं? ख्रिसचं बघ. नियमानं पुरुष नेतो. इथे नेणाऱ्याला काही दिसत नाही आणि मागे येणाऱ्या डायॅन बझवेलला सगळं दिसतं. मग कोण कुणाला नेतं? एका नाचात त्यांनी मध्येच दिवे घालवले, काही क्षण काळोख. मी तेव्हा ओरडलो होतो. तुला वाटलं मी हळवा झालो. मी हळवा नव्हतो झालो. म्हटलं, आता सगळे एकाच मापात आले. आता आपणही बघू शकत नाही.

मी : पण मग ताशाचं काय? तिलाही ठेका नुसत्या कानानं मिळत नाही. तिच्या आणि तिच्या जोडीदाराच्या, आल्याझच्या, हातांतही हेच चालू असणार. फरक इतकाच की तिचे पाय बरोबर पडतात, म्हणून तुला ते बघावंसं वाटत नाही. ख्रिसचे चुकतात म्हणून तुझं लक्ष हाताकडे गेलं.

मामी हसली. मामा हसला नाही. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

मामा : चांगलं नाचणाऱ्याचे हात कुणी बघत नाही. खरं आहे.

मी : आणि चुकणाऱ्याचे पाय तू बघत नाहीस.

मामा : तेही खरं.

कार्यक्रम सुरू झाला. आम्ही तिघंही गप्प. माझं मात्र बघणं बिघडलं होतं. ताशा आली तेव्हा पहिल्यांदाच मी तिच्या पावलांवरून नजर काढली आणि आल्याझच्या उजव्या तळव्याकडे पाहत राहिले. तो तिच्या पाठीवर जवळजवळ हलत नव्हता, इतकं थोडं सांगणं तिला पुरत होतं. ख्रिस आला तेव्हा मी मुद्दाम उलटं केलं, पाय बघितले. टाच दोनदा चुकली. पण ज्या जागी चुकायला हवी होती असं मला वाटत होतं, वळणावर, तिथे चुकली नाही.

मतदान सुरू झालं. मामाचं खातं माझ्या फोनवर उघडलं, कारण पासवर्ड त्याला कधीच आठवत नाही. ऑनलाइन मत फुकट, एका खात्याला तीन.

मामा : तिन्ही ख्रिसला.

मी : एक माझं.

मामी म्हणाली, “आणि एक माझं. साराला. पन्नाशी उलटलेली बाई क्विकस्टेप नाचते, तिच्याकडे तुम्हा दोघांचं लक्षच नाही.”

एक ख्रिसला, एक ताशाला, एक साराला. मी बटण दाबलं. मामानं सिग्नल खात्यातल्या माणसाच्या गंभीरपणे हिशेब केला : या घरानं आज त्या तिघांपैकी कुणालाच पुढे नेलं नाही आणि कुणालाच मागे टाकलं नाही.

त्या रात्री ख्रिस मॅककॉसलंड आणि डायॅन बझवेल जिंकले. मामा उभा राहून टाळ्या वाजवत होता. मीही वाजवल्या. ताशा जिंकायला हवी होती असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

सकाळी आईचा फोन आला. नियम सुटला होता. तिला निकाल ऐकायचा होता.

“तो अंध विनोदवीर जिंकला,” मी सांगितलं.

“अरे वा! पण नाचतो कसा गं? नुसतं कौतुक म्हणून सांगू नकोस, तू शिकलेली आहेस.”

मामा समोर चहा ओतत होता. त्यानं भुवया उंचावल्या. सांग की, विशारदबाई.

“पाय चुकतात,” मी म्हटलं. “पण होल्ड सुटत नाही.”

“म्हणजे काय?”

“तू ये इकडे,” मी म्हटलं. “ते टीव्हीवर दिसत नाही.”